गणपतीची रजा: पाट शाळेत जाण्याआधी लावायचा तक्ता

एका वर्षी आमच्या कारखान्याने वार्षिक शटडाउन गणपतीत लावला. खेड-चिपळूण पट्ट्यातला रसायनांचा कारखाना, तीन शिफ्टमध्ये चालणारा. कल्पना ऐकायला झकास होती. नाहीतरी निम्मी माणसे घरी जाणारच, मग प्लांट बंद ठेवू आणि दुरुस्त्या उरकून घेऊ. रिअ‍ॅक्टर उघडला, पाइपलाइन मोकळी केली, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी लक्षात आले की फिटर, वेल्डर, परांची बांधणारे सगळे ठेकेदाराचे असले तरी आजूबाजूच्या वाड्यांतलेच आहेत. तेही मखर बांधायला घरी. गॅस्केट टेबलावर, माणूस आरतीला. प्लांट ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा सुरू झाला. पुण्याहून बदलून आलेले मॅनेजर मला म्हणाले, "तुम्ही इथले ना? मग सांगितलं का नाहीत?" खरे उत्तर असे की मला वाटले, हे सगळ्यांना ठाऊकच असते.

त्यानंतर बरीच वर्षे मी रजेचे तक्ते लावले. कोकणात माणसे सांभाळणाऱ्याची परीक्षा पगारवाढीच्या वेळी होत नाही, भाद्रपदात होते. ही रजा डोकी मोजून किंवा दिवस मोजून वाटता येत नाही. कोणाच्या घरात कोणत्या दिवशी कोणते काम त्याच्यावाचून अडते, हे विचारून वाटावी लागते. ते कसे करायचे ते पुढे सांगतो. आधी वरिष्ठांसाठी, मग नोकरदारांसाठी, शेवटी नोकरी शोधणाऱ्यांसाठी.

पाच दिवस म्हणजे किती दिवस?

पहिली चूक अर्जातच होते. कामगार लिहितो "पाच दिवसांचा गणपती", साहेब पाच दिवस मंजूर करतात, आणि सहाव्या दिवशी माणूस येत नाही म्हणून मेमो निघतो. कोकणात पुष्कळ घरांतला गणपती गौरीबरोबर जातो, आणि गौरी तिथीवर नाही, नक्षत्रावर चालते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे हा मुक्काम दरवर्षी सारखा नसतो. 2023 मध्ये चतुर्थी 19 सप्टेंबरला आणि गौरीविसर्जन 23 ला, म्हणजे पाचवा दिवस. 2024 मध्ये 7 सप्टेंबर ते 12 सप्टेंबर, सहावा दिवस. 2025 मध्ये 27 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर, सातवा दिवस. लागोपाठ तीन वर्षे तीन वेगळे हिशेब, आणि बोलताना तिन्ही वर्षी "पाच दिवसांचा"च.

म्हणून रजेच्या अर्जावर "किती दिवस" हा रकाना मी काढूनच टाकला. तिथे दोन तारखा लिहायच्या: घर सोडता येणार नाही असा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस. ऑफिसात भिंतीवर एक पंचांगवाले कॅलेंडर हवे. कालनिर्णय सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळ मालवणचेच, तेव्हा कोकणातल्या एचआरकडे ते नसावे हे काही बरे दिसत नाही.

चतुर्थीची तारीखही महिनाभर मागेपुढे होते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. 2027 मध्ये 4 सप्टेंबरला, शनिवारी. मागच्या वर्षीचा तक्ता तारखा बदलून चिकटवला की ऑगस्टचा पगार, महिनाअखेरचे डिस्पॅच आणि रजा एकमेकांवर आदळतात.

साहेब, मॅनेजर, सुपरवायझर यांच्यासाठी

काम आषाढात सुरू करा. सिंधुदुर्गात लोक मूर्ती करायला पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कार्यशाळेत, नेऊन देतात. तो पाट घरातून निघण्याआधी तुमचा कच्चा तक्ता तयार हवा. श्रावण उजाडला की प्रत्येकाने मनात आपली रजा मंजूर केलेली असते, आणि मग तुम्ही काहीही केले तरी ते हिसकावून घेतल्यासारखे वाटते.

पहिली पायरी: प्रत्येकाशी पाच मिनिटे बोला. सर्क्युलर नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा पोल तर नकोच. विचारायचे एवढेच. गणपती तुमच्या घरी की मूळ घरी, भावाकडे? भावकीचा एकच असेल तर यंदा पाळी कोणाची? मुक्काम दीड दिवस, गौरीबरोबर, अनंत चतुर्दशीपर्यंत की एकवीस दिवस? या दिवसांत तुमच्यावाचून अडेल असे कोणते काम? आणि यंदा घरात गणपती आहे ना? हा शेवटचा प्रश्न हळू आवाजात, एकट्याला. वर्षभरात घरात कोणी गेले असेल तर माणूस स्वतःहून सांगत नाही, आणि चारचौघांत विचारलेले त्याला लागते.

या बोलण्यातून जे निघते त्याने मी अजूनही चकित होतो. समजा बारा जणांची शिफ्ट आहे आणि बाराही जण "सात दिवस" म्हणतात. खोदून विचारले की कळते, तिघांचा गणपती दीड दिवसाचा आहे, त्यांना उरलेले दिवस भजनाला आणि पाहुण्यांकडे जायला हवेत. दोघांचा भावकीचा आहे आणि पाळी चुलत्याकडे. चतुर्थीला दुपारपर्यंत आणि विसर्जनाला संध्याकाळी ते घरी असले की झाले. एकाची बायको नवी, तिचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सूप ओवाळायचा विधी, आहे. गौरीपूजनाचा दिवस त्याच्यासाठी चतुर्थीपेक्षा मोठा. एकजण जाखडी नाचाच्या मेळ्यात ढोलकीला आहे, त्याला दिवस नकोत, रात्री हव्यात. त्याला पहिली शिफ्ट दिली की तो खूश. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी हवी असते ती फक्त चतुर्थीला, तीही मूर्ती बसून नैवेद्य होईपर्यंत. बाकीचे दिवस बोलून सुटतात.

दुसरी पायरी: काय चालू ठेवायचे ते ठरवा. माणसे किती मिळतील याच्या आधी हे ठरले पाहिजे, नाहीतर उरलेल्या माणसांवर पूर्ण काम टाकले जाते. बॉयलर, सांडपाणी प्रक्रिया, कोल्ड स्टोरेज, जनरेटर, सुरक्षा ही कामे थांबत नाहीत. बॉयलरवर तर परवानाधारक माणूसच लागतो, तिथे "कोणीतरी बघेल" चालत नाही. पण नवी बॅच चढवणे, नवा माल लावणे, पेंटिंग, स्टॉकमोजणी हे सगळे थांबू शकते. दोन शिफ्ट सलग करायला लावू नका. रात्रभर भजनात जागलेला माणूस सोळा तास व्हॉल्व्हपाशी उभा करणे म्हणजे अपघाताला पाट मांडणे आहे.

बाहेरून आलेल्या मॅनेजरला हमखास न सुचणारी गोष्ट रस्त्याची. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड मालवाहतुकीला काही दिवस बंदी घालण्याची अधिसूचना दरवर्षी निघते. दूध, इंधन अशा जीवनावश्यक मालाला सवलत असते, तुमच्या ड्रमना नसते. कच्चा माल आत आणि तयार माल बाहेर हे बंदीच्या आधी उरकले पाहिजे. माणसे हजर आणि माल कशेडी घाटापलीकडे अडकलेला, असेही मी पाहिले आहे. जे घरच्या आरत्या सोडून आले होते त्यांनी मला काय काय ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

तिसरी पायरी: कोण थांबणार? इथे जपून. युनिटमध्ये मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सहकारी असतात, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशाची मुले असतात, हॉटेलांत आणि बोटींवर नेपाळी असतात. "त्यांना कुठे गणपती असतो" असे म्हणून त्यांची नावे न विचारता भरणे ही सगळीकडची सवय, आणि ती वाईट आहे. मुळात ते गृहीतकही खरे नसते. वाडीतल्या कितीतरी गणपतींची आरास मुसलमान शेजाऱ्याच्या हातची असते. विचारा. हो म्हणाले तर त्याच बैठकीत त्यांच्या ईदचे, 14 एप्रिलचे, नाताळचे, छठचे, दशैंचे दिवस तक्त्यावर लिहून टाका. मनात ठेवलेली परतफेड डिसेंबरपर्यंत विसरली जाते. हिंदू कामगारांमध्ये साधा नियम: मागच्या वर्षी जो थांबला त्याला यंदा पहिली निवड. त्यासाठी मागच्या वर्षीचा तक्ता फाइलला लागतो, आणि तो नव्वद टक्के ठिकाणी सापडत नाही.

चौथी पायरी म्हणजे तक्ता फळ्यावर लावणे. नावासकट, सगळ्यांना दिसेल असा, ऑफिसच्या माणसांची नावे धरून. कामगारांच्या रजेवर कात्री आणि अकाउंट्सचे तिघेही दहा दिवस गावी, हे फळ्यावर दिसले की पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही. आपापसांत बदली करायची असेल तर करू द्या, दोघांची सही घ्या.

ठेकेदाराशी वेगळे बोला. "माणसे देतो साहेब, काळजी नको" हे त्याचे वाक्य ऑगस्टमध्ये ऐकायचे नसते. नावे मागा. नावे दिली की तीन-चार फोन तुम्हीच करा.

आता जे थांबलेत त्यांच्याकडे लक्ष द्या. कँटीनचा आचारीही घरी गेलेला असतो, हे मला पहिल्या वर्षी चतुर्थीच्या दुपारी बारा वाजता कळले. एसटीच्या गाड्या चाकरमान्यांसाठी वळवलेल्या असतात, रिक्षावाला स्वतः आरतीत असतो. तेव्हा जेवण आणि गाडी आधी ठरवा. त्या दिवशी पानात मोदक असावा, आणि साहेबाने एक तास तरी येऊन त्यांच्यासोबत बसावे. बदली सुट्टी किंवा जादा पैसे काय मिळणार ते लेखी द्या. तोंडी "बघू नंतर" म्हणाल तर पुढच्या गणपतीला उभे राहायला कोणी नसेल.

आणि तरीही कोणी न सांगता दांडी मारलीच तर? पहिल्या दिवशी घरी फोन. अडचण आहे की मजा, हे आवाजावरून कळते. मस्टरवर खाडा लावा, पगार कापा, पण "आजारी" असल्याचे खोटे सर्टिफिकेट मागून घेऊ नका. तुम्हीही जाणता तो कुठे होता. एकदा खोटे कागद चालवून घेतले की पुढे खऱ्या आजारपणावरही विश्वास बसत नाही.

हे झाले कारखान्याचे. मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांचे गणित उलटे आहे. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद, चतुर्थीला पर्यटक थोडे, तेव्हा आचारी आणि हाउसकीपिंगला भरपूर रजा देऊन टाका आणि त्या बदल्यात दिवाळीच्या गर्दीचे दिवस आताच पक्के करून घ्या. आंबा बागायतवाल्यांचा तर हंगामच जूनमध्ये संपतो. त्यांची खरी कसोटी शिमग्याला: बागेतला आंबा सुरू झालेला आणि ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आहे. तिथेही हीच पद्धत, फक्त प्रश्न बदलतो: तुमच्या घरी पालखी कोणत्या दिवशी येते?

नोकरदारांसाठी

कायद्यात गणपतीची रजा अशी वेगळी काही नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्या आठांपैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. म्हणजे चतुर्थी त्या चारांत हवी असेल तर ते डिसेंबरात बोलायचे, ऑगस्टमध्ये नाही. कारखान्यात वीस दिवस कामामागे एक दिवस हक्काची रजा साठते. जुन्या 1948 च्या कायद्यात त्यासाठी वर्षात 240 दिवस काम लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती अट 180 दिवसांवर आली आहे. रीतसर मागितलेली हक्काची रजा नाकारली तर ती बुडत नाही, पुढच्या वर्षात जाते. पण त्यासाठी अर्ज लेखी हवा आणि नकारही लेखी हवा. आपली माणसे तोंडी विचारतात, तोंडी नकार घेतात, आणि मग वर्षभर कुढतात.

अर्ज छोटा आणि नेमका लिहा. असा:

"महोदय, यंदा आमच्या भावकीच्या गणपतीची पाळी माझ्या घरी आहे. 12 सप्टेंबर ते गौरीविसर्जनाचा दुसरा दिवस अशी रजा हवी आहे. माझे काम अमुक बघतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. चालू ऑर्डरची स्थिती सोबत लिहून देत आहे. रात्री आठ ते नऊ फोनवर मिळेन."

यात "परंपरा", "श्रद्धा", "कोकणी माणूस" हे शब्द नाहीत, ते पाहा. मुंबई-पुण्यातल्या ज्या साहेबाला कोकण ठाऊक नाही, त्याच्यापुढे परंपरा सांगितली की तो म्हणतो, "दिवाळीला घ्या ना." पाळी, मूर्ती आणणे, म्हाताऱ्या आईला एकटीला न झेपणारे माटीचे, म्हणजे गणपतीवर फळे-पाने टांगायची चौकट बांधायचे, काम, हे सांगितले की त्याला कळते. काम सांगा, भावना सांगू नका.

रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे एकशेवीस नाही. 12 सप्टेंबरला निघायचे तर 14 जुलैची सकाळ. म्हणजे रजेबद्दलचे बोलणे जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवे, तिकीट काढून मग साहेबाला कळवणे नको. गणपती स्पेशल गाड्या मागाहून जाहीर होतात, त्यांच्या भरवशावर परतीची तारीख देऊ नका. परतीचा प्रश्न जाण्याहून कठीण आहे: गौरीविसर्जन झाले की एकेरी रुळावर आणि महामार्गावर अख्खे कोकण मुंबईकडे निघते. रजेत एक दिवस प्रवासानंतरचा धरा. पहाटे पनवेलला उतरून सरळ शिफ्टला जाणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या दिवशी त्यांनी काम केले असे म्हणता येत नाही.

"गावाहून लॅपटॉपवर काम करतो" हे वचन फार विचार करून द्या. घरात रेंज नाही, वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, आहे. पाऊस लागला की लाइट जाते. पडवीत पंचवीस माणसे आणि मधे झांजा. करायचेच तर मे महिन्यात गावी असताना एकदा मीटिंग लावून बघा. जमत नसेल तर सरळ रजा घ्या. अर्धवट हजेरीने रजाही जाते आणि नावही.

जाताना सहकाऱ्याला द्यायचा कागद एका पानाचा असावा: काय अर्धे आहे, कोणाचा फोन येईल, किल्ली-पासवर्ड कोणाकडे. परत येताना त्याच्यासाठी खाजे किंवा करंज्या आणायच्या, हे कोकणात सांगावे लागत नाही.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखत असेल तर गणपतीचा विषय स्वतः काढा, पण शेवटी काढा. कामाचे, पगाराचे बोलणे झाल्यावर म्हणायचे, "सप्टेंबरात मला इतके दिवस लागतील, रुजू आधी होऊ की नंतर?" नव्या माणसाच्या खात्यात रजा साठलेली नसते, तेव्हा ते दिवस बिनपगारी जातील हे धरून चाला. रुजू होऊन आठव्या दिवशी गायब होणारा मुलगा आमच्याकडे दरवर्षी एक तरी असायचा. त्यातल्या एकानेही आधी विचारले असते तर मी त्याला नंतरची तारीख दिली असती.

विचारायचे आणखी काही: नेमणूकपत्र कंपनीचे की ठेकेदाराचे? रजेच्या मधे आलेला रविवार रजेत मोजतात का? एक खाडा पडला तर हजेरी बोनस सगळा जातो का? हे शेवटचे नीट विचारा. पगार जास्त सांगितलेला असतो, आणि त्यातला मोठा तुकडा हजेरी बोनसचा असतो.

दोन संधीही या दिवसांत असतात. युनिट आणि दुकाने बदली माणसे शोधत असतात. घरचा गणपती दीड दिवसाचा असेल तर तिसऱ्या दिवसापासून काम मिळते, आणि त्या आठवड्यात उभा राहिलेला माणूस सुपरवायझर विसरत नाही. दुसरी संधी तुमच्याच वाडीत चालत येते. मुंबईतल्या वर्कशॉपात, बँकेत, हॉस्पिटलात पंचवीस वर्षे काढलेले काका-मामा दहा दिवस इथेच असतात. आरतीच्या वेळी बायोडेटा पुढे करू नका. सकाळी दूर्वा काढायला सोबत जा, काय शिकलात ते सांगा, नंबर घ्या आणि ते मुंबईला पोचल्यावर चार दिवसांनी फोन करा.

साहेब लोकांसाठी एक राहिले. अनंत चतुर्दशी झाली की तक्ता फाडू नका. कोण थांबले, कोणाला किती बदली सुट्ट्या देणे आहे, हे त्यावरच लिहून फाइलला लावा. आणि सिंधुदुर्गात असाल तर पुढच्या वर्षाच्या तक्त्यात दोन दिवसांची जागा मोकळी ठेवा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती जाहीर झाली की त्याच संध्याकाळी तुमच्या टेबलावर अर्ज असतील.